खोदायचं नाही, तर मोजता कशाला? नागपूरच्या माळावरच्या शिळावर्तुळांची नोंद आणि देखरेख

डिसेंबर २०२२मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीच्या अहवालातून एक आकडा बाहेर आला आणि बऱ्याच जणांना धक्का बसला. केंद्राच्या संरक्षणाखाली देशात ३,६९३ स्मारकं, आणि त्यांतल्या ५० स्मारकांचा ठावठिकाणा नाही. १४ स्मारकं शहरांच्या वाढीत गेली, १२ स्मारकं धरणांच्या पाण्याखाली गेली आणि उरलेली २४ सापडतच नाहीत. पुढे मार्च २०२४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ स्मारकं संरक्षित यादीतून काढायचं ठरवलं, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला: स्मारक हरवतं कसं?

किल्ला हरवत नाही, देऊळ हरवत नाही. हरवतं ते माळावर एकटं पडलेलं, बुटकं, ज्याला तिकीट नाही आणि चौकीदार नाही असं काहीतरी. अशा हरवू शकणाऱ्या स्मारकांचा मोठा साठा आपल्याच विदर्भात आहे. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या काळ्या गोट्यांची वर्तुळं दिसतात. माहूरझरी, टाकळघाट-खापा, हिंगण्याजवळचं रायपूर, नायकुंड अशा कितीतरी गावांच्या शिवारात ती आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती शेतातून वेचून टाकलेल्या दगडांसारखी वाटतात. प्रत्यक्षात या कबरी आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या.

अधूनमधून तिथे टेप, तिपाई आणि लाल-पांढरी काठी घेतलेली मंडळी दिसतात. ती दिवसभर मोजतात, फोटो काढतात, वहीत लिहितात आणि काहीही न खोदता निघून जातात. मग गावात साहजिकच विचारलं जातं, की एवढं करून हाती काय लागलं?

आधी हे आहे तरी काय

मृतांसाठी मोठमोठे दगड रचणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला अभ्यासक ‘महापाषाणीय’ म्हणतात. विदर्भातला तिचा काळ साधारण इसवी सनपूर्व १००० ते ३०० असा धरला जातो. त्या लोकांनी लिहून ठेवलेलं काहीच आपल्या हाती नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं ते जमिनीतूनच.

बांधणी अशी. कडेने न घडवलेल्या मोठ्या दगडांचं कडं. आतली जागा काळी माती, मुरूम आणि लहान गोट्यांनी भरून काढलेली, त्यामुळे मधला भाग किंचित उंच. या भरावाखाली दफन: कधी पूर्ण देह, पुष्कळदा काही अस्थीच, आणि सोबत वस्तू. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, काळी-तांबडी भांडी, तांब्याच्या घंटा, घोड्याच्या तोंडातले लगामाचे तुकडे. माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले आणि कार्नेलियन या लाल दगडाचे मणी घडवण्याचा उद्योगही तिथे असल्याचं दिसलं. नायकुंडच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे मुलूख मागासलेला अजिबात नव्हता. घोडा पाळणारे, लोखंड स्वतः गाळणारे, दागिन्यांचे शौकीन लोक इथे राहत होते. मात्र त्यांच्या वस्त्या मोजक्याच सापडल्या आहेत आणि कबरी पुष्कळ, म्हणून कबरींवर एवढी मदार आहे.

आणि कबर म्हणजे फक्त तळाची वस्तू नव्हे. भराव कुठल्या क्रमाने टाकला, माती कुठून आणली, कोणता दगड कुठे बसवला, यात ते लोक काय करत होते हे लिहिलेलं असतं. भरावाखाली त्या काळची मूळ जमीन झाकली गेलेली असते. तेव्हाच्या माळावर काय उगवत होतं याचा पुरावा तिथे उरू शकतो. त्यामुळे वरचा हातभर मुरूम कोणी उचलून नेला आणि दफनाला धक्काही लागला नाही, तरी निम्मी गोष्ट गेलेली असते.

नोंद म्हणजे नेमकं काय करतात

पहिलं काम जागा पक्की करणं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बेपत्ता स्मारकांच्या यादीचं मूळ मला इथेच दिसतं. ‘गावाच्या उत्तरेला, नाल्यापलीकडे’ एवढीच शंभर वर्षांपूर्वीची नोंद असेल आणि दरम्यान गाव वाढलं, नाला वळवला, तर शोधणारा काय शोधणार? म्हणून उपग्रहाच्या मदतीने अक्षांश-रेखांश घेतात. साध्या मोबाइलवर त्यात चार-पाच मीटरची, कधी त्याहून जास्त चूक येते. जुनापाणीसारख्या ठिकाणी वर्तुळं जवळजवळ आहेत; तिथे एवढ्या चुकीने नोंद शेजारच्या वर्तुळावर जाऊ शकते. म्हणून सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगणारी उपकरणं वापरतात आणि जोडीला गट नंबरही लिहितात.

मग आराखडा. उत्तरेकडच्या दगडापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची, कुठल्या बाजूला किती कललाय, दगड कोणत्या जातीचा, हे टिपायचं. समजा, सातव्या क्रमांकाचा दगड आहे. आतल्या बाजूला थोडा कललेला. बाहेरच्या अंगाला बुडाशी ताजी, पिवळसर माती उघडी पडलेली. बाकी दगडांच्या बुडाशी गवत आहे, इथेच नाही. माथ्यावर दगडफुलाचे जुने करडे चट्टे आहेत, पण एका कोपऱ्यावर ते नाहीत आणि तिथे दगडाचा रंग ताजा काळा आहे. याचा अर्थ तो कोपरा अलीकडे उडालाय, बहुधा कशाची तरी धडक बसून. टायरचे वण शोधायचे. सापडले तर त्यांची दिशा लिहायची. एका दगडाशी असा वेळ जातो आणि एका वर्तुळात असे कितीतरी दगड असतात.

दगडाची जागा इतकी काटेकोर का नोंदवायची, याचं उत्तर जुनापाणीतच आहे. तिथल्या काही दगडांवर लहान गोल खळगे कोरलेले आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९च्या सुमारास त्यांच्याबद्दल लिहिलं आणि स्कॉटलंडमधल्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा हे खळग्यांचे दगड वर्तुळात ठरावीक दिशांना असल्याचं त्यांना दिसलं आणि त्याचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असू शकतो असं मत त्यांनी मांडलं. ते बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. पण वाद करायला दगड मूळ जागी तर हवा! जेसीबीने बाजूला ढकलून, मग चांगल्या हेतूने पुन्हा गोलात ‘नीट’ मांडलेला दगड दिसायला सुंदर दिसेल, पण त्याची साक्ष गेली.

त्यानंतर उंचवट्याचा आकार. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशावर समान उंची दाखवणाऱ्या लागोपाठच्या दोन रेषांत दहा-वीस मीटर उंचीचा फरक असतो. त्यात गुडघाभर उंचीचा ढिगारा उमटणारच नाही. इथे दर दहा सेंटिमीटरला रेष काढावी लागते. त्यासाठी टोटल स्टेशन लावतात, म्हणजे रस्त्याच्या कामावर तिपाईवर दिसते तीच दुर्बीण. किंवा जमिनीवरून वा ड्रोनने शेकडो फोटो असे काढतात, की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग पुन्हा यावा. संगणक ते सगळे फोटो जुळवून ढिगाऱ्याची लांबी-रुंदी-उंचीसह प्रतिकृती तयार करतो. पुढे कधीही तिच्यावर मापं घेता येतात.

फोटोची वेळही महत्त्वाची असते. भर दुपारी हा उंचवटा सपाट दिसतो, आणि सकाळी सूर्य नुकताच वर आला असताना सावल्या लांब पडून त्याची कड स्पष्ट उठते. दगडावरचे खळगेही तेव्हाच नीट दिसतात. पावसाळ्यात गवत-झुडपांनी सगळं झाकलेलं असतं, म्हणून मोजणी सहसा गवत वाळल्यावर करतात.

एकदा मोजलं ना? मग पुन्हा पुन्हा कशाला?

अंगणवाडीत बाळाचं वजन दर महिन्याला तक्त्यावर मांडतात. एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही. रेष वर चाललीय की खाली, यावरून कळतं. देखरेख म्हणजे ढिगाऱ्याचा तसा तक्ता. ठरलेल्या जागी उभं राहून, ठरलेल्या दिशेने, तोच फोटो दर वर्षी. तेच दगड, तीच मापं.

आणि तोच ऋतू. विदर्भातल्या काळ्या मातीत हे विसरून चालत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बसलेला दगड माणसाचा हात न लागताही थोडाफार हलतो. मे महिन्यातलं माप ऑक्टोबरमधल्या मापाशी ताडलं तर दगड कललेला दिसेल आणि कोणीतरी छेडछाड केली असा उगाच निष्कर्ष निघेल. मे महिना मे महिन्याशीच ताडायचा. काही वर्षं असं केलं की मातीची नेहमीची हालचाल किती हे कळतं, आणि त्यापलीकडची हालचाल लगेच डोळ्यात भरते.

वर्षागणिक काय बघायचं? साळिंदर आणि उंदरांची बिळं, कारण भुसभुशीत भराव खोदायला सोपा आणि बिळातून तळाची खापरं वर येतात. पळस, बाभूळ आणि घाणेरीची मुळं. गुरांची वाट ढिगाऱ्यावरून पडली असेल तर ती किती खोल गेली, पावसाचं पाणी त्याच वाटेने वाहायला लागलं का. शेजारच्या शेताचा धुरा किती सरकला. मध्यभागी ताजा खड्डा दिसला, की गुप्तधनाच्या नादाने कोणीतरी येऊन गेलंय हे समजायचं.

हा नाद फार घातक आहे. या कबरींत सोन्याचे हंडे नाहीत. गंजलेलं लोखंड, फुटकी भांडी, मणी. अभ्यासकाला ते अमोल आहे आणि चोराला बाजारात त्याचे फारसे पैसे मिळत नाहीत. पण तो एका रात्रीत जे उकरतो ते पुन्हा कधीही जुळत नाही.

मग एकदाचं खोदून का टाकत नाही?

खोदली आहेत की. १८६७मध्ये मेजर पिअर्स यांनी कामठीजवळचं एक मोठं वर्तुळ खणलं. मग रिव्हेट-कार्नॅक. स्वातंत्र्यानंतर १९६१-६२मध्ये बी. के. थापर यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे जुनापाणीला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरीला शिस्तीत उत्खनन केलं. वर सांगितलेलं बरंचसं ज्ञान त्यातूनच आलंय, आणि पुढेही गरजेपुरतं उत्खनन व्हायलाच हवं.

पण उत्खननात जो थर काढला तो संपला. तो पुन्हा कोणालाच खणता येत नाही. १८७९च्या माणसाला कोळशाच्या तुकड्यावरून काळ काढता येतो हे माहीत असणं शक्यच नव्हतं. ती पद्धत १९४९च्या सुमारास आली. त्याच्या दृष्टीने कोळसा म्हणजे कचरा. आज हाडातून डीएनए मिळवायचा प्रयत्न होतो, भांड्याला चिकटलेल्या अंशावरून आत काय शिजलं ते तपासता येतं. पन्नास वर्षांनी आणखी काय शक्य होईल, कोणी सांगावं. म्हणून धोका नसलेली कबर न खणता राखून ठेवणं हा आळस नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

धोका असेल तेव्हा मात्र खोदावंच लागतं, आणि ती वेळ कधी आली हे देखरेखीतूनच कळतं. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उंच, ओसाड माळावर व्हाइटहॉर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या मातीच्या, ढिगाऱ्यात एक दगडी पेटी आहे हे २००१मध्ये लक्षात आलं. कडेचा दगड निखळून पडला होता. लगेच उकरली नाही. पुढची वर्षं लक्ष ठेवलं. पीट झिजत चाललंय आणि पेटी वाचवता येणार नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा २०११मध्ये पूर्ण तयारीने ती उघडली. आत एका तरुण व्यक्तीच्या जळलेल्या अस्थी, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या. विणलेली टोपली, सुमारे दोनशे मणी, गाईच्या केसांची वेणी घालून कथलाचे मणी जडवलेला दंडपट्टा. काळ इसवी सनपूर्व १७३० ते १६०० यांच्या दरम्यानचा. कातडं आणि केस साडेतीन हजारांहून जास्त वर्षं टिकले, कारण पीटमध्ये हवा शिरत नाही. ते बाहेर काढताच सुकून नष्ट होऊ नयेत म्हणून आधी तयारी लागते, आणि त्या तयारीला वेळ मिळाला तो दहा वर्षं लक्ष ठेवल्यामुळे.

जमिनीच्या आत बघणारी यंत्रं आहेत ना?

आहेत, पण विदर्भाची जमीन त्यांना सहज दाद देत नाही. जमिनीत रेडिओ लहरी सोडून प्रतिध्वनी ऐकणारं रडार असतं. चिकणमातीत त्या लहरी लवकर विरतात आणि आपली काळी माती चिकणच. चुंबकीय फरक टिपणारं यंत्र असतं. पण इथला काळा बसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो, त्यामुळे त्या गोंगाटात कबरीचा बारीकसा संकेत हरवतो. विजेचा प्रवाह सोडून मातीचा रोध मोजायची पद्धत काही ठिकाणी उपयोगी पडते. यंत्रं मदतीला घ्यावीत, पण डोळे, टेप आणि वही यांची जागा ती इथे घेऊ शकत नाहीत.

जमीन शेतकऱ्याची, विकासही हवा. मग?

हा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांहून जुनी दफनाची जागा आणि दफनाचा ढिगारा ही ‘प्राचीन स्मारकं’च आहेत. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, ही तरतूद २०१०च्या दुरुस्तीने पक्की झाली. नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा नियम दोन एकरांच्या मालकाला जाचक वाटणारच, विशेषतः वर्तुळ कुठे संपतं आणि मोजणी कुठून सुरू करायची हे कोणालाच नीट माहीत नसेल तेव्हा.

पण म्हणूनच तर मोजणी हवी. हद्द सेंटिमीटरमध्ये ठरलेली असली, की शेतकऱ्याला कुठपर्यंत नांगर घालता येईल हे सांगता येतं. रस्ता रुंद करताना आधीच नकाशा हाती असला तर आखणी काही मीटर सरकवता येते, आणि तो खर्च रस्ता आखतानाच सगळ्यांत कमी असतो. नागपूरच्या चहूबाजूंना लेआउट पडतायत, मुरुमाच्या खाणी लागतायत. पोकलेन उभं राहिल्यावर सुरू झालेल्या वादात ढिगारा सहसा हरतो, आणि तेव्हा जागा कोणाच्याच कागदावर नसेल तर तक्रार करायलाही आधार राहत नाही. शिवाय संरक्षित यादीत नसलेली वर्तुळं आहेतच, त्यांना तर कायद्याचं एवढंही कुंपण नाही.

सगळं जाहीर केलं तर चोरांना आयता पत्ता मिळेल

मिळू शकतो. त्यामुळे अचूक अक्षांश-रेखांश, ताज्या खड्ड्यांचे फोटो आणि कुठे काय वर आलंय याचा तपशील पुरातत्त्व खात्याकडे आणि अभ्यासकांकडेच राहिलेला बरा. ज्या गावाच्या शिवारात वर्तुळ आहे त्या गावाला मात्र ते माहीत असायलाच हवं. माझ्या मते तिथला गुराखी हा सगळ्यांत चांगला देखरेख करणारा आहे: तो रोज तिथून जातो, आणि काल नसलेला खड्डा त्याला आज दिसतो. वर्षातून एकदा येणाऱ्या कुठल्याही पथकाला हे जमणार नाही.

तुमच्या शिवारात असं काही असेल तर

दगड हलवू नका, साफसफाई म्हणूनही नाही. झुडूप उपटू नका, मुळांबरोबर भराव वर येतो. कापायचं तर जमिनीलगत कापा. खापर किंवा मणी वर आलेला दिसला तर उचलून खिशात घालू नका. शेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादं नाणं ठेवून फोटो काढा, तारीख लिहा आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवर उभं राहून फोटो काढत राहिलात तर दहा वर्षांनी तुमच्याकडे असा पुरावा असेल जो कुठल्याही कार्यालयात कदाचित नसेल.

ग्रामपंचायतीने आणखी एक काम करावं असं मला वाटतं. अशा जागेचा उल्लेख सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात यावा म्हणून तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात पाठपुरावा करावा. जमीन विकली जाते, अकृषिक होते, तिच्यावर लेआउट पडतं. या प्रत्येक टप्प्यावर पुरातत्त्वाचा अहवाल कोणी उघडून बघत नाही, सातबारा मात्र बघावाच लागतो.